काटकसरीची ऊब

आपल्यापैकी बहुतेकांना काउंट रम्फर्ड पहिल्यांदा भेटतो तो तोफांच्या कारखान्यात. तोफेच्या नळीला भोक पाडताना धातू तापतो, भोवतीचे पाणी उकळू लागते, आणि घर्षण चालू असेपर्यंत ही उष्णता काही केल्या संपत नाही. तेव्हा उष्णता हा धातूत साठवलेला पदार्थ असणे शक्य नाही. १७९८ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध पाठ्यपुस्तकात चार ओळींत आटोपतो, परीक्षेत त्यावर टीप येते आणि रम्फर्डची व आपली गाठभेट संपते.

आम्हीही अनेक वर्षे एवढ्यावरच समाधान मानत होतो. पुढे उष्णतेच्या वहनावर काम करताना जुने संदर्भ चाळावे लागले. तेव्हा लक्षात आले, की या माणसाची उष्णतेशी ओळख तोफेच्या कितीतरी आधी झाली होती, आणि ती अगदी घरगुती प्रश्नांतून. हिवाळा तोंडावर आला आहे, लाकडे महाग आहेत, सैनिकांच्या अंगावर धड कपडे नाहीत, गावात हजारो माणसे उपाशी आहेत. कमीत कमी खर्चात या सगळ्यांना ऊब कशी द्यायची? उष्णतेच्या शास्त्रातील काही मूलभूत कल्पना या प्रश्नाचे उत्तर शोधताना हाती लागल्या आहेत. ही बाजू वर्गात क्वचितच सांगितली जाते, म्हणून हा लेख.

आधी त्या काळच्या थंडीबद्दल थोडे. अठरावे शतक हे युरोपातील ज्या दीर्घ थंड कालखंडाला आज 'छोटे हिमयुग' म्हणतात, त्याच्या अखेरच्या टप्प्यातले. मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी सतराव्या शतकापासून उपलब्ध आहेत. त्यांतील सर्वांत थंड जानेवारी १७९५ चा. त्या महिन्याचे सरासरी तापमान शून्याखाली ३.१ अंश सेल्सिअस होते. त्याच वर्षी धान्याचे भावही कडाडले. जंगले तोडून तोडून सरपण दुर्मीळ झालेले होतेच. नव्या जगातही फार वेगळी स्थिती नव्हती. शंभर वर्षांपूर्वी दाराशी मिळणारे लाकूड आता काही गावांना सुमारे शंभर मैलांवरून आणावे लागते, अशी तक्रार बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ साली आपल्या नव्या लोखंडी शेगडीची माहिती देताना केली होती. त्या शेगडीचे पेटंट घ्यायला त्याने नकार दिला. मात्र धूर आधी खाली वळवून मग धुराड्यात सोडण्याची त्याची युक्ती घरोघरी नीट चालली नाही. थंड शेगडी पेटवताना धूर खोलीतच फिरायचा. पुढच्यांनी ती वळणे काढून टाकली आणि 'फ्रँकलिनची शेगडी' हे नाव तेवढे टिकले.

फ्रँकलिन बॉस्टनचा. तिथून जवळच्याच वोबर्न गावी २६ मार्च १७५३ रोजी बेंजामिन थॉम्पसन जन्मला. हाच पुढचा काउंट रम्फर्ड. माणूस सरळ नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. दुकानात उमेदवारी करणाऱ्या या तरुणाने एका श्रीमंत विधवेशी लग्न केले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्याने इंग्रजांची बाजू घेतली, त्यांच्यासाठी हेरगिरी केली, आणि पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून १७७६ साली इंग्लंड गाठले. तिथे बंदुकीच्या दारूवर प्रयोग करून तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १७८४ पासून बव्हेरियाचा राजा कार्ल थिओडोर (त्याचे पद 'इलेक्टर' असे होते) याच्या पदरी त्याने चौदा वर्षे काढली. 'काउंट' ही पदवी त्याला तिथेच मिळाली.

बव्हेरियाच्या सैन्याची अवस्था तेव्हा दयनीय होती. सैनिकांना गणवेश हवे होते, पण ते शिवायला पैसा नव्हता. दुसरीकडे म्यूनिक शहर भिकाऱ्यांनी भरलेले. थॉम्पसनने हे दोन प्रश्न एकमेकांना जोडले. १ जानेवारी १७९० रोजी, म्हणजे लोक उदार मनाने भीक घालतात नेमक्या त्या दिवशी, त्याने सैनिक रस्त्यावर उतरवून भिकाऱ्यांना पकडायला सुरुवात केली. आठवडाभरात सुमारे २६०० जणांची नोंद झाली. त्यांना शहराबाहेरच्या एका दुरुस्त केलेल्या जुन्या इमारतीत काम देण्यात आले. सूत कातायचे, विणायचे, शिवायचे. तयार होणार ते सैन्याचे गणवेश. इमारत उबदार होती, दुपारी गरम जेवण मिळे, कामाचे पैसेही मिळत. दारावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते की इथे भीक स्वीकारली जात नाही.

या प्रकाराकडे कसे पाहावे? आमच्यात याबद्दल एकमत नाही. माणसांना आधी पकडायचे आणि मग त्यांचे भले करायचे, ही रीत आज आपल्याला रुचणार नाही, आणि रुचू नयेच. पण त्या हिवाळ्यात ती माणसे गारठून मेली नाहीत, हेही खरे आहे. आणि विज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की इतक्या माणसांना खाऊ घालायचे आणि कपडे द्यायचे, तेही मोजक्या पैशांत, या अडचणीमुळे थॉम्पसनला मोजमाप करणे भाग पडले. कोणते कापड जास्त ऊब देते? 'लोकर गरम असते' हे सर्वांना माहीत होते. पण किती गरम, आणि का?

त्याने एक साधे उपकरण बनवले. तापमापीचा फुगा काचेच्या एका मोठ्या गोळ्याच्या मध्यभागी बसवला आणि मधल्या पोकळीत तपासायचा पदार्थ भरला. प्रत्येक वेळी वजन सारखेच, १६ ग्रेन, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम एक ग्रॅम. हे उपकरण उकळत्या पाण्यात तापवायचे, मग बर्फात बुडवायचे, आणि तापमान एका ठरावीक अंशापासून दुसऱ्या ठरावीक अंशापर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पोकळीत नुसती हवा असताना दहा मिनिटांहून थोडा कमी वेळ लागला. कापूस भरल्यावर सुमारे साडेसतरा मिनिटे, मेंढीची लोकर भरल्यावर साडेअठराच्या आसपास, आणि सशाचे केस भरल्यावर जवळजवळ २२ मिनिटे.

इथे क्षणभर थांबून विचार करायला हवा. त्या पोकळीत एक ग्रॅम केसांनी व्यापलेली जागा अगदी थोडी, पन्नासाव्या भागाच्या आसपास. उरलेली सारी हवाच. मग पोकळीत आधीही हवा आणि आताही जवळपास सगळी हवाच असताना थंड व्हायला दुपटीहून जास्त वेळ का लागावा? शिवाय तेच रेशीम घट्ट पिळलेल्या धाग्याच्या रूपात भरले तर निवण्याचा वेळ बराच कमी होई, आणि कच्च्या, सुट्या तंतूंच्या रूपात भरले तर वाढे. पदार्थ तोच, वजनही तेच, तरी फरक. म्हणजे ऊब त्या पदार्थात नव्हती. ती होती तंतूंच्या जाळ्यात अडकून पडलेल्या हवेत. या कामासाठी रॉयल सोसायटीने त्याला १७९२ चे कॉप्ले पदक दिले.

हवा अडकली की नेमके काय होते, याचा उलगडा त्याला एका योगायोगाने झाला. मद्यार्क भरलेली एक मोठी तापमापी तापवून त्याने खिडकीशी निवत ठेवली होती. तिच्यावर ऊन पडले होते आणि द्रवात धुळीचे बारीक कण होते. ते कण नळीच्या मध्यातून भराभर वर जाताना आणि काचेलगत खाली उतरताना दिसले. द्रव स्थिर वाटत होता, पण आत सतत प्रवाह चालू होते. ज्याला आपण अभिसरण म्हणतो, ते असे डोळ्यांनी दिसले. दाट खिरीसारखे किंवा सफरचंदाच्या पुरणाचे पदार्थ इतका वेळ तोंड का पोळतात, हे कोडे त्याला बरीच वर्षे सतावत होते. त्याचेही उत्तर मिळाले. दाटपणामुळे प्रवाह अडतात. केस, पिसे, लोकर हवेच्या बाबतीत हेच करतात.

पुढे मात्र तो घसरला. हवा आणि पाणी यांच्यातून वहनाने उष्णता मुळीच जात नाही, प्रवाह थांबला की सारे थांबले, असा टोकाचा निष्कर्ष त्याने काढला. तो चुकीचा आहे. स्थिर हवेतूनही उष्णता वाहते, फक्त फार थोडी. पाण्यातून तिच्या सुमारे पंचवीस पट वाहते. ओल्या कपड्याची ऊब का जाते याचे मोठे कारण हेच. हवेच्या जागी पाणी येऊन बसते, आणि वर त्याच्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता अंगातूनच जाते.

हे वाचताना आम्हाला आठवला तो पिंजारी. दिवाळीनंतर हवेत गारवा आला की खांद्यावर धनुकली टाकून तो गल्लीत यायचा. वर्षभर निजून निजून दडपलेल्या गादीतला कापूस काढून, पिंजून पुन्हा भरून द्यायचा. कापूस तोच, वजनही तेच (उलट थोडे कमीच भरायचे, यावरून घरातल्या बायकांची आणि त्याची हुज्जत ठरलेली). त्याने कापसात घातलेली एकमेव वस्तू म्हणजे हवा. गोधडीचेही तसेच. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवले की थराथरांत हवा अडकते. एकाच जाड कापडात ती इतकी अडकत नाही. हे सांगून मुलांना विचारावे, की बर्फाची लादी गोणपाटात आणि भुशात का गुंडाळतात? गोणपाट 'गरम' असते तर बर्फ लवकर वितळायला हवा. शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हा प्रश्न विचारला, तेव्हा लोकरीत गुंडाळलेला बर्फ उघड्या बर्फाच्या आधी वितळेल असे निम्म्याहून अधिक शिक्षकांनी सांगितले. मग बर्फाचे दोन सारखे तुकडे आणून ते करूनच पाहिले. नंतरची चर्चा जेवणाच्या सुट्टीत शिरली.

कपड्यांकडून थॉम्पसन, म्हणजे आताचा काउंट रम्फर्ड, स्वयंपाकघराकडे वळला. उघड्या जाळावर टांगलेली हंडी त्याला सोसत नसे. प्रत्येक भांड्यासाठी विटांत बांधलेली बंदिस्त लहान चूल, हवा कमीजास्त करायला झडप आणि दुहेरी झाकण, अशी रचना त्याने केली. स्वस्त जेवण म्हणून जव, वाटाणे, बटाटे, व्हिनेगर, मीठ आणि शिळ्या पावाचे तुकडे घातलेले सूप ठरवले. बव्हेरियात बटाट्याला लोक नाके मुरडत. म्हणून सुरुवातीला ते लपूनछपून आणून, ओळखू येणार नाहीत इतके शिजवून सूपात मिसळले गेले. चव आवडल्यावर मग गुपित फोडले. या सूपाबद्दलही त्याची एक गंभीर चूक झाली. थोड्याशा धान्यात माणसाचे भागते याचे श्रेय त्याने पाण्याला दिले, जणू पाणी स्वतःच पौष्टिक असावे. गरिबाला थोडक्यात भागवता येते हे शास्त्राच्या नावाने सांगितले गेले, की ते मान्य करणारे पुष्कळ भेटतात. युरोपातील अनेक शहरांत हे सूप वाटले गेले.

१७९५ च्या शरद ऋतूत तो लंडनला आला. तिथल्या घरांतील भिंतीतल्या शेकोट्या पाहून त्याचा जीव कळवळला असावा. आपल्याकडे ही वस्तू फारशी नाही, म्हणून थोडे वर्णन करतो. भिंतीत चौकोनी खोल कोनाडा, त्यात कोळसा किंवा लाकडे पेटलेली, आणि वर सरळ आभाळापर्यंत गेलेले रुंद धुराडे. उष्णतेचा बहुतांश भाग धुराबरोबर वर निघून जाई. तेवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण ते रुंद धुराडे खोलीतली तापलेली हवाही ओढून नेई, आणि तिची जागा घ्यायला दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची बोचरी हवा आत येई. जाळ जितका मोठा, तितका वारा जास्त. समोर बसलेल्याचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. अशा उघड्या शेकोटीत इंधनातल्या उष्णतेचा फार तर एक-दशांश भाग खोलीला मिळतो.

रम्फर्डने पाहिले, की हवा तर निघून जाणारच आहे. खोलीला मिळते ते जाळापासून प्रारणाने येणारेच. तेव्हा ते वाढवायचे आणि हवेची गळती रोखायची. जाळ पुढे आणला. मागची भिंत अरुंद केली, समोरच्या तोंडाच्या एक-तृतीयांश एवढी. बाजूच्या भिंती काटकोनात न ठेवता मागच्या भिंतीशी १३५ अंशांचा कोन करून तिरप्या बांधल्या. हा कोन मुलांकडून कागदावर काढून घेण्याजोगा आहे: मागच्या भिंतीला समांतर निघालेला किरण अशा बाजूवर ४५ अंशांनी आदळतो आणि परावर्तित होऊन सरळ खोलीत येतो. वीट हा काही आरसा नव्हे. प्रत्यक्षात ती तापून स्वतःच प्रारण देते, पण तिचे तोंड खोलीकडे वळल्याचा फायदा होतोच. या बाजूंना लोखंड वापरू नका, वीट वापरा आणि चुन्याने पांढऱ्या ठेवा, असे त्याने सांगितले. सर्वांत महत्त्वाचा बदल धुराड्याच्या गळ्यात होता. तो त्याने जेमतेम ४ इंच ठेवला. त्यामागे एक सपाट पायरी ठेवली, म्हणजे वरून येणारा थंड झोत तिच्यावर आपटून परत फिरतो आणि खोलीत धूर येत नाही.

यासाठी लागत होत्या थोड्या विटा, चुना आणि गवंड्याचा थोडा वेळ. नवी वस्तू विकत घ्यायची नव्हती. त्याने पेटंटही घेतले नाही. १७९६ मध्ये शेकोट्यांवरचा निबंध निघाला. तोवर लंडनमधील सुमारे दीडशे शेकोट्या त्याच्या देखरेखीखाली बदलून झाल्या होत्या, त्यांत लॉर्ड पामर्स्टन आणि सर जोसेफ बँक्स यांच्या घरच्याही होत्या. १८०० साली व्यंगचित्रकार जेम्स गिलरेने शेकोटीला पाठ देऊन शेकणारा रम्फर्ड काढला. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीतली नायिका जुन्या मठात भव्य शेकोटी पाहायला मिळेल म्हणून जाते आणि तिथे रम्फर्डची आटोपशीर शेकोटी पाहून हिरमुसते.

गळा इतका अरुंद केला, तर धुराडे साफ कोण आणि कसे करणार? हा प्रश्न आम्हाला चटका लावून गेला, कारण उत्तर होते 'लहान मुलगा'. इंग्लंडमध्ये त्या काळी धुराड्यांत मुले चढत. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवायला बंदी केली, पण ती कागदावरच राहिली. ही प्रथा खऱ्या अर्थाने मोडायला १८७५ चा कायदा यावा लागला. रम्फर्डने गळ्यापाशी एक सुटी फरशी बसवण्याची सूचना केली होती. सफाईच्या वेळी ती काढायची, पोराला वर जाऊ द्यायचे आणि पुन्हा बसवायची. इतके बारीक तपशील पाहणाऱ्या माणसाच्या नजरेला तिथे अडचण दिसली ती फक्त वाटेची.

लंडनवर तरंगणारा काळा ढग म्हणजे वाया गेलेला, न जळलेला कोळसा, असे तो म्हणत असे. त्याच्या शेकोटीने हवेची गळती कमी केली, धूर मात्र संपवला नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुरक्यात हजारो माणसे दगावली. घरोघरच्या कोळशाच्या शेकोट्या हे त्याचे एक मोठे कारण होते, आणि १९५६ च्या कायद्याने त्यांच्यावर बंधने आली.

अशा उपयोगी युक्त्या कारागिरांना शिकवाव्यात, नमुने मांडून ठेवावेत, कोणीही यावे आणि नक्कल करून न्यावी, या हेतूने रम्फर्डने १७९९ मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. कारागिरांच्या शिक्षणाची योजना लवकरच गुंडाळली गेली आणि संस्था उच्चभ्रूंच्या व्याख्यानांसाठी प्रसिद्ध झाली. डेव्ही आणि फॅरेडे तिथेच घडले, त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडाने करायची! पण गवंड्याला शेकोटी शिकवायला निघालेली ही संस्था होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

रम्फर्डची अखेरची वर्षे पॅरिसजवळ गेली. तिथे त्याने लाव्हाझिएच्या विधवेशी १८०५ मध्ये लग्न केले. ते चार वर्षांत मोडले. १८१४ च्या ऑगस्टमध्ये तो वारला. पॅरिसच्या हिवाळ्यात तो पांढरे कपडे आणि पांढरी टोपी घालून फिरे आणि लोक हसत. काळा पृष्ठभाग उष्णता जास्त बाहेर टाकतो, तेव्हा थंडीत पांढरे घालावे, असे त्याचे म्हणणे. अंगातून बाहेर पडणारे प्रारण अवरक्त असते आणि त्याच्या दृष्टीने पांढरे व काळे कापड जवळपास सारखेच, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. अवरक्त किरणांचा शोध हर्शेलने नुकताच, १८०० मध्ये लावला होता.

पण ज्या प्रयोगांमुळे तो पांढऱ्या टोपीपर्यंत गेला, त्यांतला एक शाळेत करून पाहण्यासारखा आहे. पितळेची दोन सारखी भांडी चिंचेने घासून लख्ख करावीत. एक तसेच ठेवावे. दुसऱ्याच्या बाहेरून पातळ मलमलीचा एकच थर घट्ट, सुरकुती न पडता चिकटवून पूर्ण वाळू द्यावा. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरून झाकणे लावावीत, वाऱ्यापासून दूर ठेवावीत आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहावे. कोणते भांडे आधी निवेल, याचा अंदाज मुलांकडून आधीच वहीत लिहून घ्यावा. कापड लावलेले भांडे आधी निवते.